काळा अक्रोड सोलापुरात: उगवत नाही, उगवला तर मे महिन्यात जळतो, फोडला तर भुगा होतो

अमेरिकेतून कुणीतरी आणलेले काळे अक्रोड जूनमध्ये कुंडीत पुरायचे, पावसाळाभर वाट बघायची, दिवाळीत कंटाळून कुंडी उपसायची आणि आतला अक्रोड जसाच्या तसा, धुतलेल्या खड्यासारखा हातात यायचा. हा प्रकार मी स्वतः दोनदा केलाय आणि ओळखीच्या चार घरांत बघितलाय. ज्यांचं उगवलं त्यांचं रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. सगळ्यांचं निदान एकच असतं: "सोलापूरचं ऊन, दुसरं काय!"

उन्हाचा हात आहे, नाही असं नाही. पण त्याचा नंबर तिसरा-चौथा. मूळ घोळ वेळापत्रकाचा आहे. हे झाड ज्या वेळापत्रकावर जगतं, ते आपल्याकडे नाही, आणि ते आपण बी असेपर्यंतच त्याला उसनं देऊ शकतो.

माझं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीचं शिक्षण नाही. घर जुळे सोलापूरला, मागे बारा फुटांची मोकळी पट्टी, तिथे हे उद्योग. भाचा मिसुरी राज्यात असतो. तिकडे काळ्या अक्रोडाची झाडं रानात, ओढ्याकाठी आपोआप वाढतात, ऑक्टोबरात फळं खाली पडतात आणि लोक गोळा करून विकतात. अमेरिकेत या अक्रोडाचा सगळ्यात मोठा व्यापार त्याच राज्यात चालतो. पाच वर्षांपूर्वी त्याने "मामा, तुम्हाला झाडांची आवड म्हणून" असं म्हणत पिशवीभर आणले. नंतर कळलं की बियाणं असं बॅगेत टाकून आणणं नियमात बसत नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारी खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. आमचं अज्ञान होतं. तुम्ही वाचताय म्हणजे तुमचं आता राहिलं नाही.

आधी खात्री करा, ते काळा अक्रोडच आहे का

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मी भानगड इथेच असते. आमच्या गल्लीत एका घरी नर्सरीतून "अक्रोड" म्हणून रोप आणलं होतं. झपाट्याने वाढलं, हिरवी गोल फळं लागली, घरभर आनंद. काकांनी दोन बिया फोडून कच्च्या खाल्ल्या आणि रात्रभर संडासाच्या वाऱ्या केल्या. तो जंगली अक्रोड होता. त्याचं आणि खऱ्या अक्रोडाचं नातं फक्त नावापुरतं. तो उष्ण प्रदेशातला, एरंडाच्या कुळातला. बी इतकी तेलकट की काही देशांत दिव्यासारखी जाळत. इंडोनेशियात ती भाजून-शिजवून रश्श्यात घालतात, पण कच्ची खाल्ली की पोट साफ करते. आपल्याकडे उष्ण भागात "अक्रोडाचं झाड माझ्याकडे छान आलंय" असं कुणी म्हणालं तर मी आधी पान बघायला मागतो.

ओळख सोपी आहे. जंगली अक्रोडाचं पान एकसंध, रुंद, कोवळ्या झाडावर तीन-पाच टोकं काढलेलं आणि पिठूळ पांढरट झाक असलेलं. काळ्या अक्रोडाचं पान म्हणजे कडुलिंबासारखी लांब दांडी आणि तिच्यावर १५ ते २३ पानोळ्या. बऱ्याचदा टोकाची पानोळी बारकी असते किंवा नसतेच. आणखी एक खात्रीची खूण: पेन्सिलीएवढी फांदी उभी चिरली तर आतल्या गाभ्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे कप्पे दिसतात.

अक्रोडच हातात असेल, झाड नसेल, तरी फरक कळतो. काश्मिरी अक्रोड फिकट, मध्ये शिवण असलेला. दोन अक्रोड मुठीत दाबले की एक फुटतो. काळा अक्रोड जवळजवळ गोल, काळपट तपकिरी, अंगावर खोल वेड्यावाकड्या रेघा, आणि मुठीत दाबाल तर तुमची मूठ दुखेल. दुकानात "काळा अक्रोड" म्हणून मिळतो तो पुष्कळदा जुना, काळवंडलेला काश्मिरीच असतो.

बी उगवत नाही

पहिल्या वर्षी मी मृगाला बारा अक्रोड पुरले. एकही आला नाही. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून चाळीस दिवस फ्रीजमध्ये ठेवून पुरले. बारातला एक आला. तिसऱ्या वर्षी एकशे दहा दिवस ठेवले. बारातले सात आले. फरक फक्त दिवसांचा.

कारण असं. मिसुरीत हा अक्रोड ऑक्टोबरात जमिनीवर पडतो आणि पालापाचोळ्याखाली ओल्या थंडीत तीन-चार महिने पडून राहतो. पारा शून्याच्या आसपास आणि खालीही जातो. ही थंडी पुरी झाल्याशिवाय बीमधलं कुलूप उघडत नाही. ती सोय त्याने स्वतःच्या भल्यासाठी केलेली आहे, नाहीतर ऑक्टोबरात उगवून डिसेंबरात गोठला असता. आपण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत स्वेटर घालून मिरवतो ती थंडी त्याच्या हिशेबी थंडी नाहीच. आपल्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा साधारण पंधरा-सोळा, लाट आली तर दहाच्या आसपास. त्याला हवेत १ ते ५ अंश, तेही ओलीसकट, ९० ते १२० दिवस. सोलापुरात हे हवामान एकाच ठिकाणी मिळतं: फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात.

पद्धत सांगतो. अक्रोड दोन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी दोनदा बदलायचं. धुतलेली वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून मुठीत दाबायचं. एखादा थेंब गळाला तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं. त्यात अक्रोड मिसळून झिपच्या पिशवीत भरायचे, पिशवीला चार भोकं पाडायची. फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. तीन आठवड्यांनी एकदा उघडून बघायचं. पांढरी बुरशी दिसली तर धुऊन, पुसून, ट्रायकोडर्मा (वाईट बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) चोळून परत ठेवायचं. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या हिने पहिल्या खेपेला "हे कुजलेलं काय ठेवलंय भाजीत" म्हणून कचऱ्याच्या गाडीत टाकायला काढलेली पिशवी मी दारातून परत आणली आहे.

पाण्यात तरंगतो तो पोकळ, ही परीक्षा ताज्या, नुकत्याच सोललेल्या अक्रोडाला लागू आहे. आपल्यापर्यंत येतात ते वाळलेले असतात आणि चांगला वाळलेला अक्रोडही तरंगतो. त्याऐवजी ढिगातले दोन फोडून बघा. गर फिकट आणि घट्ट असेल तर बाकीच्यांवर फ्रीजची जागा खर्च करा. तेलकट, पिवळा, खवट वासाचा असेल तर त्या ढिगात जीव उरलेला नाही. भाजलेले किंवा महिनोन्‌महिने उन्हातल्या पत्र्याच्या खोलीत पडलेले अक्रोडही गेलेच समजा.

उगवतं, पण मे महिन्यात जळतं

तिसऱ्या वर्षीचे ते सात. सातही मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गेले. पानांच्या कडा आधी कागदासारख्या झाल्या, मग देठ, मग सगळं. मी दिवसातून दोनदा पाणी देत होतो.

तेव्हा कळलं नाही, नंतर वहीतल्या तारखा बघितल्या आणि स्वतःवरच हसलो. अक्रोड आले ऑक्टोबरात, मी लगेच फ्रीजमध्ये ओल दिली, फेब्रुवारीत बाहेर काढले, मार्चमध्ये कोंब आले. म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या लेकराला मी एप्रिल-मेच्या तोंडी दिलं. मिसुरीत मार्चनंतर वसंत येतो. सोलापुरात मार्चनंतर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे.

उपाय फुकटचा आहे, फक्त तारखा सरकवायच्या. ऑक्टोबरात आलेले अक्रोड कोरडेच हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. ओल द्यायची फेब्रुवारीच्या मध्यावर, साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास. तिथून एकशे दहा-बारा दिवस मोजले की बरोबर ७ जून येतो. मृगाला बाहेर काढायचे आणि पेरायचे. रोपाला पुढे पावसाळा आणि हिवाळा मिळून आठ-नऊ महिने मिळतात आणि पहिला मे बघताना त्याचं मूळ खोल गेलेलं असतं. चौथ्या वर्षी असं केलं. नऊ उगवले, पुढचा मे संपला तेव्हा पाच जिवंत होते.

मुळाचं आणखी एक. हा अक्रोड पहिल्या वर्षी वर दिसतो त्यापेक्षा खाली जास्त वाढतो. सरळ सोटमूळ. साध्या सहा इंची काळ्या पिशवीत ते दोन महिन्यांत तळ गाठून गोल फिरायला लागतं, आणि असं वेटोळं झालेलं रोप जमिनीत लावलं तरी उन्हाळ्यात पाणी शोधू शकत नाही. मी वर्कशॉपमधले सहा इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन फुटांचे तुकडे उभे चिरले, तारेने बांधले, तळाला जाळी लावली. लावताना तार सोडली की रोप मातीसकट अलगद बाहेर येतं. अक्रोड आडवा ठेवायचा, वर दीड-दोन इंच माती. आंब्याच्या कोयीसारखं याचंही आहे, डाळिंब्या (बीची दोन दलं) कवचासकट मातीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. म्हणून कोंब दिसल्यावर उत्साहाने कवच उकरायला जाऊ नका. उंदीर आणि खारी मात्र ते काम न सांगता करतात, वरून जाळी हवीच.

पहिले दोन उन्हाळे ५० टक्क्यांचं शेडनेट, बुडाशी उसाच्या पाचटाचा चार बोटं थर, खोडाच्या पश्चिम बाजूला चुन्याचा पातळ हात. दुपारी पान मान टाकतं म्हणून लगेच पाणी ओतू नका; संध्याकाळी मान वर आली तर मुळाशी ओल आहे. माझे दोन मी पाण्यानेच मारले, उन्हाने नव्हे.

पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक. द्राक्ष किंवा डाळिंब लावणाऱ्याला हे बघता क्षणी कळेल: लोहाची कमतरता. मला कळलं नाही, मी युरिया दिला. पान आणखी पिवळं.

आपल्या जमिनीत लोह नाही असं नाही, बेसाल्टची माती आहे, लोह भरपूर. पण चुनखडीही भरपूर, सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबट-खारेपणा) आठच्या वर, आणि त्या सामूला लोह मातीत बांधलं जातं, मुळाला उचलता येत नाही. काळ्या अक्रोडाला सात-सव्वासातच्या आतला सामू मानवतो. तुमच्या मातीत चुनखडी किती आहे ते घरीच बघायचं तर कोरड्या ढेकळावर संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं की समजा. आमच्या मागच्या पट्टीत खाली मुरमात पांढऱ्या गाठीच आहेत, तिथे सोड्याच्या बाटलीसारखं उसळलं.

वरून बोअरचं पाणी. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते तेच पाणी मुळाशी जातं आणि सामू आणखी चढवतं. नळाला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते माणसांना पुरवायचं की अक्रोडाला, या प्रश्नाचं उत्तर घरात आधीच ठरलेलं असतं. मी पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवतो आणि उन्हाळ्यात एसीच्या नळीखाली बादली ठेवतो. त्या पाण्यात क्षार नसतात. हवा कोरडी असल्याने दिवसाला जेमतेम तांब्या-दीड तांब्या मिळतो, पण पाइपातल्या एका रोपाला तेवढा चालतो.

उपचारात दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम आणि लिंबूसत्व एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. कोवळ्या रोपाला निम्मं प्रमाण. आठवड्यात फरक दिसतो, पण फवारलेल्या पानापुरताच. दोन, मुळाशी चिलेटेड लोह (मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं लोह), आणि ते घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. दुकानात स्वस्तातलं ईडीटीए पुढे करतात, ते आपल्या सामूला टिकत नाही. पैसे जातात आणि पान पिवळंच राहतं. गंधक कुंडीत चालतं. चुनखडीच्या रानात किलोभर गंधक टाकून सामू उतरेल ही आशा सोडा, तिथला चुना तुमच्या गंधकाला पुरून उरतो.

काळ्या रानात लावलेलं सप्टेंबरात गेलं

पाचातली तीन रोपं मेहुण्याच्या मोहोळकडच्या रानात लावली. "दाजी, काळी कसदार जमीन आहे, काय होतंय," असं तो म्हणाला. आपल्याकडे मोठा पाऊस येतो सप्टेंबरात. चार दिवस पाणी साचलं आणि दोन रोपं बुडापासून काळी पडली. या झाडाला खोल माती हवी, पण निचऱ्याची. काळ्या रानात लावायचंच असेल तर दोन फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करून माथ्यावर लावा, आणि मातीत तिसरा हिस्सा मुरूम-वाळू मिसळा. त्याने एप्रिलमध्ये पडणाऱ्या भेगांनी मुळं तुटायचाही त्रास कमी होतो.

झाड जगलं, पण अक्रोड कधी लागणार?

इथे मी तुमची निराशा करणार आहे. बहुतेक नाही लागणार.

बीला फ्रीजमध्ये ठेवता आलं, झाडाला कसं ठेवणार? या झाडाच्या डोळ्यांनाही (फांदीवरच्या फुटव्याच्या कळ्यांनाही) दर हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास लागतात, तेव्हा ते वसंतात एका वेळी, जोमाने फुटतात. आपल्याकडे असे तास जवळपास शून्य. शिवाय दिवसाच्या लांबीचा हिशेब वेगळा. मिसुरीत उन्हाळ्यातला मोठा दिवस जवळपास पंधरा तासांचा आणि हिवाळ्यातला साडेनऊचा. सोलापुरात तेरा आणि अकरा. झाडाला कधी झोपायचं आणि कधी उठायचं तेच धड कळत नाही. माझ्या दोन झाडांनी गेल्या डिसेंबरात निम्मी पानं टाकली, निम्मी तशीच तांबूस होऊन लटकत राहिली. मार्चमध्ये शेंड्याचा एक डोळा फुटला, खालचे सगळे बंद. त्यामुळे झाड म्हणजे उघडी काठी आणि वर पानांचा झुपका, घरात त्याला "छत्री" म्हणतात. पाच फुटांची छत्री.

त्यावर नर तुरे आणि मादी फुलं एकाच झाडावर असूनही त्यांची वेळ बहुतेक जुळत नाही, म्हणून वाऱ्याने परागकण आणून द्यायला दुसरं झाड लागतं. तिकडे बीपासूनच्या झाडालाही भरघोस फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. मी अठ्ठावन्नचा आहे. हौस म्हणून लावा, भाच्याची आठवण म्हणून लावा, उत्पन्नाचं गणित मांडून एकरभर लावू नका. कुणी रोपं विकायला आलं आणि "सहाव्या वर्षी लाखाचं उत्पन्न" म्हणाला तर त्याला ॲसिडची बाटली दाखवा, मातीवर टाकायला म्हणतोय मी.

जागा निवडताना एवढं बघा की शेजारी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. या झाडाच्या मुळात, पानात आणि विशेषतः फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, त्याने ही मंडळी कोमेजतात. कांदा, लसूण, गाजर, मका यांना फारसं काही होत नाही. पण हाताएवढ्या रोपाच्या शेजारचं टोमॅटो वाळलं तर लगेच अक्रोडाला दोष देऊ नका. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी महिनाभर माझ्या छत्रीला नावं ठेवली, शेवटी त्यांच्या टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक जंतांच्या) गाठी निघाल्या.

फोडला की भुगा होतो, आणि गर कडू लागतो

आता खाण्याचं. पिकवण्यापेक्षा हे जास्त हाताशी येणारं आहे, कारण अक्रोड येतच राहतात.

पहिल्या दिवशी मी अडकित्ता घेतला. आईचा, पितळी मुठीचा. अक्रोडाला ओरखडा नाही, अडकित्त्याची खीळ वाकली. मग खलबत्ता: तीन घाव फुकट, चौथ्याला अक्रोड उडून कपाटाखाली. मग ओट्यावर हातोडी: फुटला, पण कवच आणि गर यांचा एकत्र चिवडा झाला, त्यातून गर वेचायचा म्हणजे तांदळातले खडे वेचण्यापेक्षा वाईट, कारण इथे खडेच जास्त. पिशवी घेऊन वर्कशॉपला गेलो. शेजारच्या गाळ्यातला मित्र बघून म्हणाला, "काय बे, अक्रोड आहे का गिअरचं बेअरिंग?"

वाइसमध्येच (वस्तू आवळून धरायचा वर्कशॉपमधला शिकंजा) जमलं, पण कोरडा नाही. कोरडं कवच काचेसारखं फुटतं आणि गराला घेऊन जातं. अक्रोड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात दोन-तीन तास गुंडाळा. कवचाचा ताठा थोडा उतरतो, गर किंचित लवचीक होतो आणि तुटत नाही. वाइसमध्ये टोक आणि बूड यांच्यामध्ये धरायचा, कुशीवर नाही. हँडल पाव-पाव फेरा. पहिला "कट्" आवाज आला की थांबायचं, अक्रोड थोडा वळवायचा, परत पाव फेरा. तिसऱ्या आवाजाला कवचाचे चार-पाच मोठे तुकडे होतात. ते वायर कापायच्या पक्कडीने कापत गेलं की गराची अर्धी-पाव फाक अखंड निघते. पहिली अखंड फाक निघाली तेव्हा गाळ्यातल्या तिघांनी काम थांबवून बघितली. घरी वाइस नसेल तर टोक वर करून लाकडी ओंडक्याच्या खाचेत उभा ठेवा आणि जड हातोड्याने टोकावर मारा. डोळ्यांना चष्मा हवा, तुकडे गोळीसारखे उडतात.

भिजवून काढलेला गर ओलसर असतो, तो तसाच डब्यात भरला तर बुरशी धरते. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस पसरा. मोडल्यावर "टक्" आवाज आला म्हणजे वाळला. बुरशीचा वास आलेला गर कुत्र्यालाही घालू नका.

कडूपणाचं कारण बहुतेक वेळा आपल्या घरी घडत नाही, तिकडे झाडाखाली घडतं. फळ पडल्यावर हिरवी साल लगेच काढली नाही तर ती काळी पडून सडते, तिचा रस कवचातून आत झिरपतो आणि गर काळपट, उग्र होतो. भाच्याला आता सांगून ठेवलंय: पडल्याबरोबर सोल, धू, जाळीत टांगून दोन-तीन आठवडे वाळव. सोलताना हातमोजे घालायला सांगायला विसरलो. त्याने व्हिडिओ कॉलवर हात दाखवले, बिब्बा फोडल्यासारखे तपकिरी काळे. बिब्ब्यासारखे फोड सहसा येत नाहीत एवढंच, पण डाग बरेच दिवस जात नाही.

दुसरं कारण आपलं: खवटपणा. गरात तेल निम्म्याहून जास्त, आणि आपलं स्वयंपाकघर एप्रिलपासून भट्टी. बरणीत फडताळावर ठेवलेला गर तीन आठवड्यांत रंगाच्या डब्यासारखा वास मारू लागला. फोडल्या दिवशीच हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तेवढा काढा. किलोभर अक्रोड फोडून पाव किलोही गर निघत नाही, तो असा घालवायचा नसतो.

चव मात्र काश्मिरी अक्रोडाची अपेक्षा ठेवून खाऊ नका. ही उग्र आहे, मातकट, किंचित आंबवलेल्या द्राक्षासारखी. घरात निम्म्यांना आवडली, निम्म्यांनी नाक मुरडलं. प्रथिनं १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम, काश्मिरीत १५. उलट ज्या ओमेगा-तीनसाठी लोक सकाळी भिजवलेले अक्रोड खातात ते काश्मिरीत ९ ग्रॅमच्या आसपास आणि यात दोन-अडीच. तेव्हा हृदयासाठी म्हणून हाच हवा असा हट्ट नको. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्याने तर चवही बघू नये.

शेंगाचटणीत घालून बघितला. सोलापूरकर आणखी काय करणार! लसूण आणि काळा अक्रोड एकमेकांशी भांडतात, दोघेही जिंकत नाहीत. पण संक्रांतीच्या शेंगापोळीत, तीन वाट्या दाण्याच्या कुटाला अर्धी वाटी अक्रोड आणि गूळ, हे मात्र जमलं. गुळाने उग्रपणा झाकला जात नाही, फक्त गोडीला लागतो. भाजतानाही याची चव उडत नाही, म्हणूनच तिकडे तो केकात आणि आइस्क्रीममध्ये घालतात.

टरफलं फेकू नका. तिकडे या कवचाचा रवा करून धातूचे भाग घासायला वापरतात. मी कवचं मिक्सरला न लावता लोखंडी खलात कुटली, जाड चाळणीने चाळली आणि पितळी बुशांबरोबर (यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या नळकांड्यांबरोबर) फिरत्या ड्रममध्ये टाकली. तासाभरात बुश निघाले, ओरखडा नाही, वरचं जुनं तेल आणि सुताची घाण गेलेली. मित्र परत आला, एक बुश उचलून खिडकीपाशी धरला आणि विचारलं, "भाचा परत कधी येणार आहे?"